तुटलेल्या शाफ्टने कुठे जायचं, ते ठरवणारं कडं

ड्रॅग रेसिंग बघायला अगदी सोपं असतं. सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा, आणि पाव मैलावर, म्हणजे ४०२ मीटरवर, खेळ खलास. वळणं नाहीत, डावपेच फारसे नाहीत. पण गाडीच्या पोटाखाली काय चाललेलं असतं ते पाहिलं तर हा खेळ मुळीच सोपा वाटत नाही. गाडीच्या सांध्यांवरचा सगळ्यात मोठा घाव पहिल्या अर्ध्या सेकंदात बसतो, आणि तो झेलणाऱ्या भागांमध्ये ड्रायव्हरच्या सगळ्यात जवळून जाणारा भाग असतो ड्राइव्हशाफ्ट. हा शाफ्ट तुटला तर त्याला धरून ठेवायला एक पोलादी कडं बसवतात. तोच ड्राइव्हशाफ्ट सेफ्टी लूप. वस्तू दोन-चार किलोची, पण तिच्याबद्दलच्या नियमात जितके आकडे आहेत त्या प्रत्येकामागे काहीतरी कारण आहे, आणि ती कारणं कळली की लूप कसा बसवायचा हे जवळजवळ आपोआप कळतं.

आधी शाफ्टच बघू. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, ताकद दोन्ही चाकांना वाटणारं डिफरेन्शियल मागे. दोघांना जोडणारी लांब पोकळ पोलादी नळी म्हणजे ड्राइव्हशाफ्ट. आपल्याकडे ट्रक, बोलेरो, जुनी अँबॅसिडर, पद्मिनी अशा गाड्यांखाली तो दिसतो. गॅरेजवाले त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात आणि ट्रकवाले नुसतंच ‘जॉइंट’. नळीच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कारण मागचा अ‍ॅक्सल खड्ड्यागणिक वर-खाली होतो आणि शाफ्टला कोन बदलत बदलत फिरावं लागतं. अ‍ॅक्सल हलला की गिअरबॉक्सपासूनचं अंतरही थोडं कमी-जास्त होतं. म्हणून पुढच्या टोकाला आतून खाचा पाडलेली एक बाही असते आणि ती गिअरबॉक्सच्या शेपटीत पुढे-मागे सरकत राहते. तिला स्लिप योक म्हणतात.

आता ताणाचा हिशेब. समजा जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, ६८० न्यूटन-मीटर आहे. ड्रॅग रेसिंगमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या टर्बो ४०० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.४८ चा. गाडी जागेवरून सुटताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाचा सांधा, त्या टॉर्कला आणखी साधारण दुप्पट करतो. म्हणजे ६८० गुणिले २.४८ गुणिले २, जवळपास ३,४०० न्यूटन-मीटर. हा सगळा पीळ तीन इंच व्यासाच्या एका नळीतून आणि बोटाएवढ्या जाडीच्या चार दांड्यांच्या क्रॉसमधून जातो. छोट्या हॅचबॅकचं इंजिन शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटर देतं, हे शेजारी ठेवून बघा.

एवढा पीळ साध्या रस्त्यावर शाफ्टपर्यंत पोचतच नाही, कारण त्याआधी टायर जागेवर गरगरतो. ताण टायरमधून धूर होऊन निघून जातो. ड्रॅग रेसिंगमध्ये मात्र नक्षी नसलेले, मऊ रबराचे स्लिक टायर असतात आणि सुटण्याच्या जागेवर चिकट द्रव फवारलेला असतो. टायर सरकत नाही. मग ताणाने कुठे जायचं? जो भाग कमजोर असेल तो मोडतो. कधी अ‍ॅक्सल, कधी क्राउन-पिनियन म्हणजे डिफरेन्शियलमधली दात्यांची जोडी, कधी क्रॉस. त्यात टायर धरतोय-सोडतोय, धरतोय-सोडतोय अशी मागची चाकं उड्या मारायला लागली, तर प्रत्येक उडीला शाफ्टवर हातोड्याचा घाव बसतो. क्लच झटकन सोडणाऱ्या मॅन्युअल गाड्यांत हा घाव ऑटोमॅटिकपेक्षा कडक असतो. अमेरिकेच्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या, म्हणजे १९५१ साली सुरू झालेल्या एनएचआरएच्या नियमात लूपची सक्ती टायरला का जोडली आहे, ते आता लक्षात येईल. स्लिक टायर लावून पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला लूप लागतो. रस्त्याचे साधे टायर असतील आणि गाडी ११.४९ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ घेत असेल तर सूट आहे. गाडीचा वेग तोच असला तरी पकड बदलली की नियम बदलतो.

मोडण्याचे दोन प्रकार असतात आणि दोन्ही सारखे नसतात. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं मागचं टोक खाली पडतं, जमिनीवर घासत ओढलं जातं. पुढचं टोक अजून गिअरबॉक्सला जोडलेलं, त्यामुळे इंजिन त्याला फिरवत राहतं. ड्रायव्हरने पाय उचलला, क्लच दाबला की निदान फिरवणारी ताकद तरी थांबते. हे वाईट आहे, पण पुढचा क्रॉस तुटणं याहून पुष्कळ वाईट. तेव्हा शाफ्टचं पुढचं टोक खाली पडतं आणि ते गाडी जाते त्याच दिशेने पुढे तोंड करून असतं. त्या टोकाला रस्त्यातली एखादी खाच किंवा सांधा सापडला तर ते तिथे रुततं आणि धावती गाडी बांबू-उडी मारणाऱ्या खेळाडूसारखी त्या दांड्यावरून वर उचलली जाते.

आणि इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढचा क्रॉस तुटला की इंजिनाचा शाफ्टशी संबंध संपतो, पण मागच्या चाकांचा संपत नाही. चाकं फिरत आहेत तोवर डिफरेन्शियल शाफ्टला मागच्या बाजूने ताकद पुरवत राहतं. २८ इंची टायर, ४.१० चा क्राउन-पिनियन (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१० फेऱ्या) आणि ताशी १९० किलोमीटर वेग धरला तर शाफ्ट मिनिटाला सुमारे ५,८०० फेऱ्या मारत असतो, सेकंदाला जवळजवळ ९७. क्लच दाबून, गिअर काढून, इंजिन बंद करून, कशानेही तो थांबत नाही. गाडी थांबेल तेव्हाच तो थांबेल. तेवढा वेळ एका टोकाने सुटलेला लोखंडी दांडा ड्रायव्हरच्या कुशीशेजारच्या पत्र्यावर बडवत राहणार. हा पत्रा जाडीने एक मिलिमीटरच्या आसपास. ड्रायव्हर आणि शाफ्ट यांच्यामध्ये कारखान्याने दिलेलं संरक्षण एवढंच.

म्हणून लूप. शाफ्ट मोडू नये यासाठी तो काहीही करत नाही. मोडल्यावर टोक जमिनीलाही लागू नये आणि पत्रा फाडून आतही येऊ नये, एवढंच त्याचं काम.

एनएचआरएचा मूळ नियम थोडक्यात असा: शाफ्टभोवती पूर्ण ३६० अंशांचं वेढणं हवं; ते पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद पट्टीचं असावं, नाहीतर पाऊण इंचाहून किंचित मोठ्या, ७/८ इंच व्यासाच्या आणि ०.०६५ इंच जाडीच्या पोलादी नळीचं वेल्ड केलेलं असावं. ते घट्ट बसवलेलं असावं. आणि पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून सहा इंचांच्या आत असावं. नियमपुस्तिका दरवर्षी निघते, त्यामुळे पट्टी कापण्यापूर्वी चालू वर्षाची प्रत आणि आपल्या वर्गाचं पान उघडून बघणं बरं.

सहा इंचच का? पन्नास इंच लांबीचा शाफ्ट घ्या, म्हणजे साधारण सव्वा मीटर. मागचा अ‍ॅक्सल वर-खाली मिळून १०० मिलिमीटर हलतो असं समजा. शाफ्टचं मागचं टोक १०० मिलिमीटर हलेल, पुढचं जवळजवळ जागेवरच राहील. पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांवर, म्हणजे लांबीच्या १२ टक्क्यांवर, शाफ्ट फक्त १२ मिलिमीटर हलतो. तिथे लूप शाफ्टच्या अगदी जवळून नेता येतो. शाफ्टखाली इंचभर जागा सोडली तर क्रॉस तुटल्यावर पुढचं टोक इंचाहून थोडंसंच जास्त खाली येईल. आता तोच लूप शाफ्टच्या मध्यावर लावून बघा. तिथे शाफ्ट एरवीच ५० मिलिमीटर हलतो, म्हणून लूप मोठा करावा लागतो, आणि मागच्या क्रॉसपासून पुढचं टोक मध्यापेक्षा दुप्पट लांब असल्याने ते दुप्पट खाली येतं. ५० चे १०० झाले की रस्ता फार लांब राहत नाही. शिवाय पुढचा निम्मा शाफ्ट लूपच्या बाहेर मोकळा फटके मारायला उरतो, तो वेगळाच.

याच तर्काचा पुरावा रेसिंगच्या बाहेरही सापडतो. अमेरिकेत बसगाड्यांच्या संघीय सुरक्षा नियमांत प्रवाशांच्या पायांखालून लांबलचक जाणाऱ्या ड्राइव्हशाफ्टला निदान एक तरी रक्षक कडं सक्तीचं आहे, आणि ते सरकत्या सांध्याच्या टोकाला असलं पाहिजे असं म्हटलं आहे. शर्यतीशी काही संबंध नसलेल्या लोकांनीही तेच टोक निवडलं.

आता बसवण्याकडे. उदाहरणाला १९६७ ते १९६९ ची शेवरोले कॅमेरो घेऊ, कारण ड्रॅग रेसिंगमध्ये ती अजूनही भरपूर धावते आणि तिच्यातली अडचण बोधप्रद आहे. या गाडीचा पुढचा भाग वेगळ्या सबफ्रेमवर, म्हणजे पोलादी अर्ध्या चौकटीवर, असतो, पण मागचा भाग चॅसिसशिवाय, नुसत्या घडीव पत्र्याचा. गिअरबॉक्सखालचा आडवा बीम पुढच्या सबफ्रेमला असतो. गिअरबॉक्सची शेपटी त्या बीमच्या मागे येते. म्हणजे लूप जिथे हवा, नेमकी तिथेच डोक्यावर मजबूत असं काही नाही, फक्त बोगद्याचा पत्रा, म्हणजे शाफ्टला जागा देण्यासाठी गाडीच्या तळाला दिलेला उंचवटा.

बाजारात मिळणारे बरेच स्वस्त लूप या पत्र्याला चार बोल्टांनी टांगायचे असतात. लूप पाव इंचाचा, बोल्ट चांगले, आणि ते सगळं धरून ठेवणारा पत्रा मिलिमीटरभर. शाफ्टने पहिला फटका दिला की बोल्ट पत्रा फाडून खाली येणार. असा लूप तपासनीसाला दाखवायला ठीक. पत्र्यालाच लावायचा असेल तर निदान आतल्या बाजूने प्रत्येक बोल्टामागे तळहाताएवढी जाड पोलादी प्लेट द्यावी, म्हणजे ओढ मोठ्या क्षेत्रावर पसरते. नुसता मोठा वायसर पुरत नाही. माझं मत विचाराल तर या गाडीत आधी सबफ्रेम कनेक्टर वेल्ड करून घ्यावेत, म्हणजे पुढची सबफ्रेम आणि मागचे बीम जोडणाऱ्या दोन चौकोनी नळ्या. त्यांच्यामध्ये आडवी नळी टाकून लूप तिच्यावर बसवावा. खर्च वाढतो, पण गाडीची चौकटही ताठ होते.

काम सुरू करताना गाडी समतल जमिनीवर, भक्कम घोड्यांवर उचलायची. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. घोड्या मागच्या बाजूला अ‍ॅक्सलखाली लावायच्या, बॉडीखाली नाही. बॉडीखाली लावल्या तर अ‍ॅक्सल लोंबकळतो, शाफ्टचा कोन बदलतो, आणि त्या अवस्थेत घेतलेली मापं गाडी खाली उतरवल्यावर चुकतात. अ‍ॅक्सलवर गाडीचं वजन असताना पुढच्या क्रॉसच्या मध्यापासून मागे माप टाकायचं. सहा इंच म्हणजे १५२ मिलिमीटर. ही कमाल मर्यादा आहे. चार-पाच इंचांवर जागा मिळत असेल तर उत्तम. मात्र योक मागे-पुढे सरकतो हे विसरू नये. क्रॉसचे कप किंवा योकचा जाड भाग लूपमध्ये शिरता कामा नये.

मग अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून आणि पूर्ण वर दाबून दोन्ही टोकांना शाफ्ट कुठे जातो ते पाहायचं. लूप आणि शाफ्ट यांच्यात सगळीकडून साधारण अर्धा ते एक इंच जागा राहील असा घेर धरायचा. रबरी माउंटवर इंजिन असेल तर जोर आल्यावर गिअरबॉक्सही वळतो, म्हणून बाजूला अगदी चिकटून जाऊ नये. जागा हवी म्हणून चार-चार इंच सोडणारे लोक आहेत. मोकळ्या लूपमध्ये शाफ्टला वेग घेऊन आदळायला जागा मिळते, आणि तो आदळतो.

इथे आपल्याकडच्या फॅब्रिकेटरसाठी एक खाच आहे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि दोन इंच म्हणजे ५०.८. आपल्या बाजारात सहज मिळणारी पट्टी ५० बाय ६ ची. दोन्ही मापांत ती नियमाला कमी पडते. डोळ्यांना फरक दिसणार नाही, व्हर्नियरला दिसेल. एनएचआरएच्या नियमाबरहुकूम करायचं तर ८ मिलिमीटर जाड आणि ६० किंवा ६५ रुंद पट्टी घ्यावी. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर आणि इतरत्र आपल्याकडेही ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत. तशा शर्यतींत धावणाऱ्या बऱ्याच गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, त्यांना हा लांब शाफ्टच नसतो. पण मागच्या किंवा चारही चाकांवर ताकद देणारी गाडी कोणी तयार करत असेल तर हे माप लक्षात ठेवावं.

लूप एकसंध केला तर पुढे शाफ्ट काढताना अडचण होते, म्हणून दोन अर्धी वर्तुळं करतात. वरचं अर्धं कायमचं पक्कं आणि खालचं बोल्टांनी जोडलेलं. बोल्ट ३/८ इंचाचे ग्रेड ८ चे घ्यावेत, किंवा १० मिलिमीटरचे १०.९ चे, सोबत नायलॉनची कडी असलेले लॉक नट. खाली नुसता यू लावून वरच्या बाजूला बोगद्याच्या पत्र्यावर भागवण्याची पद्धत दिसते. ३६० अंश या शब्दाचा अर्थ तसा होत नाही. तुटलेला शाफ्ट खाली पडतो तसाच फिरता फिरता वरही झेपावतो, आणि वर ड्रायव्हर असतो.

वेल्डिंगपूर्वीची तयारी कंटाळवाणी आहे आणि ती टाळणाऱ्यांच्या गाड्या जळतात. आतले गालिचे, त्याखालचा डांबरी थर, सीट, सगळं बाहेर. बॅटरी सोडवायची. बोगद्याच्या कडेने पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते का, हँडब्रेकची केबल कुठून जाते, हे आधी हात फिरवून बघायचं. वेल्डिंग चालू असताना गाडीच्या आत अग्निशामक घेऊन एक माणूस बसलेला हवा, कारण ठिणगी खाली पडते पण आग वर लागते आणि खालच्या माणसाला ती दिसत नाही. दुहेरी सायलेन्सरचे पाइप बहुतेक वेळा लूपच्या आड येतात. तेव्हा पाइप वाकवायचा असतो. लूपला खाच पाडायची नसते.

सगळं बसलं की लूपच्या आतल्या बाजूला फिका रंग मारावा. पहिल्या दोन-तीन धावांनंतर खाली डोकावलं की कुठे घासलंय ते लगेच दिसतं. घासल्याची रेघ दिसली तर लूपच्या जागेआधी इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट तपासावेत.

लूपपाशी काम थांबवणं मला पटत नाही, कारण शाफ्ट तुटूच नये याची खटपट खूप स्वस्त आहे. क्रॉसमध्ये १३१० आणि १३५० अशा मापांच्या मालिका असतात. १३५० चा कप आणि दांडा दोन्ही जाड, म्हणून ताकदवान गाड्यांत तोच घालतात. ग्रीस भरायला भोक असलेल्या क्रॉसपेक्षा आतून भरीव क्रॉस शर्यतीत पसंत करतात, कारण ते भोक नेमकं ताण येतो त्या भागातून जातं. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे काटे, एका रेषेत असावेत. गाडी वजनावर उभी असताना स्लिप योक पूर्ण आत टेकलेला नसावा, पाऊण ते एक इंच सरकायला जागा हवी. नाहीतर अ‍ॅक्सल वर येताच शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीवरच घाव घालतो.

आणि नळीची लांबी. प्रत्येक शाफ्टला एक असा वेग असतो की त्यावर तो मध्यातून धनुष्यासारखा वाकून थरथरायला लागतो. तीन इंच व्यासाच्या, ०.०८३ इंच जाडीच्या पोलादी नळीचा हा वेग पन्नास इंच लांबीला कागदावर मिनिटाला सुमारे ७,७०० फेऱ्या येतो. तीच नळी साठ इंचांची केली की ५,४०० वर उतरतो, कारण लांबीचा परिणाम वर्गाने होतो. प्रत्यक्षात सुरक्षित मर्यादा याहून बरीच खाली धरतात. अ‍ॅल्युमिनियम घातलं की ही मर्यादा वाढते असं पुष्कळजण समजतात; त्याच मापाच्या नळीत ती जवळपास तेवढीच राहते. फायदा होतो तो अ‍ॅल्युमिनियमची नळी हलकी असल्याने जास्त व्यासाची घेता येते म्हणून. लांब गाडीत वरच्या गिअरला, शर्यतीच्या शेवटी शाफ्ट फुटतो तेव्हा कारण पुष्कळदा हे असतं. सुटतानाचा झटका तेव्हा कधीच मागे पडलेला असतो.

ड्रायव्हरच्या शेजारी फिरणाऱ्या लोखंडाचं भय ड्रॅग रेसिंगला नवं नाही. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा, म्हणजे फक्त ड्रॅगसाठी बनवलेल्या लांबोळक्या गाडीचा, गिअरबॉक्स सुटतानाच फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. पुढच्या वर्षी ते इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असलेली गाडी घेऊन उतरले आणि थोड्याच काळात सगळ्या मोठ्या ड्रॅगस्टरांचा आराखडा बदलला. दारातून चढायच्या साध्या गाडीत इंजिन मागे नेण्याची सोय नसते. तिथे क्लचभोवती जाड पोलादी बेलहाउसिंग, गिअरबॉक्सभोवती कवच आणि शाफ्टभोवती लूप असंच करावं लागतं. काहीजण मागच्या क्रॉसपाशीही दुसरा लूप लावतात. नियम तो मागत नाही, पण मागचा क्रॉस तुटल्यावर ब्रेकच्या नळ्या आणि पेट्रोलची टाकी वाचवायची असेल तर कल्पना वाईट नाही. तिथे शाफ्ट जास्त हलतो, म्हणून तो लूप बॉडीला न लावता अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर घेतात. मग दोन्ही एकत्रच हलतात.

लूपने एकदा शाफ्ट झेलला की तो लूप भंगारात. वाकलेली पट्टी ठोकून सरळ केली तरी वेल्डजवळ बारीक भेगा राहतात. त्याचबरोबर सगळे बोल्ट नवे घालावेत, गिअरबॉक्सच्या शेपटीचं ओतीव कवच आणि आतला बुश तपासावा, स्लिप योकच्या खाचा पिळल्यात का ते बघावं, आणि प्लेटभोवतीच्या पत्र्याचा रंग खरवडून खाली चीर गेली आहे का हे पाहिल्याशिवाय नवा लूप त्या जागी बसवू नये.